चकाचक आत्या आणि तिची राणीसरकार

माझी आत्या साबण आधी धुवायची आणि मगच वापरायची. ही ऐकीव गोष्ट नाही, मी तिच्या घरात राहून डोळ्यांनी पाहिलेली आहे. साबणाच्या वडीला आदल्या माणसाचा हात लागलेला असतो, असं तिचं म्हणणं. त्या घरात आदला माणूस म्हणजे एक तर मी, नाही तर आतोबा. पाहुणे आले की ते चहाचा शेवटचा घोट घेईपर्यंत ती कसाबसा दम धरायची आणि कप खाली टेकायच्या आत उचलून न्यायची. एका शेजारणीनं गप्पांच्या नादात अर्धा भरलेला कप टेबलावर ठेवला, तर तिला तो पुन्हा दिसलाच नाही. तेव्हापासून ती बाई आमच्याकडे चहा उभ्यानं आणि एका दमात प्यायची.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. आत्या उंच, अंगानं भरलेली आणि आवाजानं त्याहून भरलेली. आतोबा तिच्या खांद्याला लागतील एवढे. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्यानं त्यांना पायरीवर उभं केलंय, तरी ते नवरीच्या कानाशीच पोचलेत. ते रेडिओ दुरुस्त करत. दुकान कधीच मोडलं होतं, पण लोक अजूनही आपापले जुने रेडिओ बगलेत मारून घरी यायचे, आणि आतोबा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, एका बुटक्या स्टुलावर बसून त्यांची पोटं उघडायचे. आत्या ओट्याशी उभी राहून काम करायची, आतोबा तारा जोडता जोडता काहीबाही बोलत राहायचे. ती क्वचितच उत्तर द्यायची. मला वाटायचं, तिचं लक्षच नाही.

आत्या संशोधक होती. आमच्या रस्त्यापलीकडच्या संस्थेत तिची प्रयोगशाळा होती, आणि रस्त्याच्या अलीकडे माझं शिवणकामाचं दुकान. संस्थेतले सगळे पांढरे एप्रन मीच शिवते, त्यामुळे मोजमापाच्या निमित्तानं माझं आत-बाहेर चालूच असायचं. तिथं तिला सगळे ‘चकाचक बाई’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तिच्या टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. धुण्याचं बेसिन तर असं लखलखीत असायचं, की पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना संचालक आधी ते बेसिन दाखवायचे.

आता तिच्या कामाबद्दल सांगते. मी शिंपीण आहे, तेव्हा जेवढं मला कळलं तेवढंच.

आपण खातो त्यातली साखर जाळायची की साठवून ठेवायची, हे काम शरीरातली प्रथिनं बघतात. प्रथिन म्हटलं की आपल्याला अंडं आणि दूध आठवतं. पण आत्या सांगायची, ते पेशीतले कामगार आहेत. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक लांबच लांब धागा, स्वतःभोवतीच घड्या घालून बसलेला, आणि त्या घड्यांमध्ये ठराविक आकाराचे खिसे तयार झालेले. ज्याचा आकार खिशात बसेल त्याच्यावर काम करायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. खिसा म्हटल्यावर मला चटकन समजलं. त्याआधी ती तासभर फळ्यावर जे काढत होती, त्यातलं मला काडीचंही कळलं नव्हतं, पण मी मान हलवत होते.

आत्याचा जीव अशाच एका प्रथिनावर जडला होता. यकृतात सापडणारं, साखर जाळण्याच्या कामातल्या एका पायरीवर बसलेलं. त्याला खरं नाव होतं, पण ते उच्चारताना जीभ अडखळते. आत्या त्याला ‘राणीसरकार’ म्हणायची, कारण मर्जी असली तर काम, नाही तर नाही. काम होतंय का हे बघायची युक्ती सोपी होती. नळीत साखर आणि एक रंगद्रव्य घालायचं. राणीसरकार कामाला लागली की ते फिकट पिवळं पाणी हळूहळू जांभळं होतं. नाही लागली तर पिवळंच राहतं.

आत्यानं खाटकाकडून ताजं यकृत आणावं, ते वाटून त्याचा रस काढावा, आणि नळीत टाकून बघावं. खाटकाला वाटायचं, ह्या बाईचं कुटुंब फार मोठं असणार. तर तिच्या असं लक्षात आलं, की पोटभर खाल्लेल्या जनावराच्या यकृताचा रस पाणी भराभर जांभळं करतो आणि उपाशी जनावराचा रस रेंगाळतो. दोन्हीकडे राणीसरकार तेवढीच. मग वेग वेगळा का? आत्यानं संस्थेच्या वार्षिक सभेत उभं राहून छातीठोकपणे सांगून टाकलं, की या प्रथिनाला एक कळ आहे. पेशीचं पोट भरलं की कोणीतरी ती दाबतं.

टाळ्या झाल्या. आणि मग ‘पुरावा सर’ उठले.

हे शेजारच्या प्रयोगशाळेतले वयस्कर डॉक्टर. “आज ऊन आहे” म्हटलं तरी “पुरावा?” असं विचारणारे, म्हणून हे नाव. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं करवतीसारखं. ते म्हणाले, “बाई, रसात हजार गोष्टी असतात. राणीसरकारला एकटीला वेगळी काढा, धुऊनपुसून शुद्ध करा, आणि मग दाखवा.”

धुऊनपुसून! हे आत्याला सांगायचं म्हणजे माशाला पोहायला सांगायचं. ती अशी काही हात धुवून त्या प्रथिनाच्या मागे लागली, की विचारू नका. थंड खोलीत स्वेटर घालून दिवसचे दिवस उभी. रस गाळायचा, फिरकीच्या यंत्रात फिरवायचा, निवडायचा, पुन्हा गाळायचा. शेवटी राणीसरकारला बारीक छिद्रांच्या पारदर्शक पिशवीत भरून पाण्याच्या बादलीत सोडायची. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं डायलिसिस करतात ना, त्यातलाच प्रकार. प्रथिन मोठं, ते पिशवीत राहतं. बारीकसारीक सगळं छिद्रांतून बाहेर निघून जातं. लोक बादलीतलं पाणी एकदा बदलतात. आत्या बदलतच राहायची.

आणि राणीसरकार जसजशी शुद्ध होत गेली, तसतशी मंद होत गेली. पुरती स्वच्छ झाली तेव्हा तिनं कामच सोडलं. पाणी पिवळं ते पिवळंच.

पुरावा सर एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “बाई, रंग बदलणारी तुमची राणीसरकार नव्हतीच. रसातलं दुसरंच काहीतरी असणार. तुम्ही वर्षभर घाणीचं कौतुक करत होतात.”

दुसऱ्या कुणाला हा शब्द लागला नसता. आत्याला कानफटात मारल्यासारखं झालं. तिनं भर सभेत ठासून सांगितलं होतं. आता पुढच्या वार्षिक पाहणीत, म्हणजे संचालक सगळ्यांचं काम तपासतात तेव्हा, एक तर शुद्ध राणीसरकारला सगळ्यांसमोर कामाला लावून दाखवायचं, नाही तर स्वतःच्या तोंडानं शब्द मागे घ्यायचा, असं ठरलं. नोकरी काही जाणार नव्हती. पण इतक्या वर्षांत आत्यानं सांगितलेलं कधी खोटं ठरलं नव्हतं. तिचा सगळा ताठा त्यावर उभा होता.

मग घरात काय झालं ते ऐका. बाहेर जमेना म्हटल्यावर आत्या घरावर घसरली. पडदे धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. दिव्यांचे बल्ब पुसले. माझ्या घरच्या शिवणयंत्राला तेल घातलेलं, ते तिनं पुसून कोरडं केलं आणि यंत्र कुरकुरायला लागलं. शेवटी तिची नजर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर गेली. तारांचे तुकडे, स्क्रू, धूळ खाल्लेले रेडिओ आणि मधोमध आतोबा.

“अहो, हा पसारा इथून हलवा,” ती म्हणाली. “स्वयंपाकघर आहे हे. मला सगळं साफ हवंय.”

आतोबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, “बरं” म्हणाले, आणि स्टूल, रेडिओ, हत्यारं सगळं उचलून बाहेरच्या गॅलरीत जाऊन बसले. कोपरा आरशासारखा झाला. आत्या ओट्याशी एकटी काम करू लागली, आणि त्या दिवसापासून तिचं दूध उतू जायला लागलं. भाजीत मीठ दोनदा पडायचं. मी आपली मुकाट्यानं जेवायचे आणि वर पाणी प्यायचे.

पाहणीच्या आधी ती माझ्या दुकानात आली. “मला नवा एप्रन शिव,” म्हणाली. “शब्द मागे घ्यायचा तर निदान स्वच्छ एप्रन घालून घेईन.”

तिचा आवाज बसला होता. मला इतकं वाईट वाटलं, की मी नुसती टेप घेऊन माप घेत राहिले. तिचं माप मला तोंडपाठ होतं.

पाहणीच्या दिवशी सकाळी एप्रनला इस्त्री करून मीच तो घेऊन गेले आणि मग दाराशी तशीच उभी राहिले. आत संचालक, पुरावा सर, आणखी तिघं-चौघं. आत्यानं नवा एप्रन चढवला, बाह्या सारख्या केल्या, आणि नळ्या मांडल्या. सगळ्यांत साखर होती, रंगद्रव्य होतं. पहिलीत आणखी काहीच नाही. दुसरीत यकृताचा साधा रस. तिसरीत तोच रस, पण उकळलेला. उकळल्यावर प्रथिनाच्या घड्या उसवतात, अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही तसं, त्यामुळे ही नळी मेलेलीच असायला हवी. असा एक मेलेला नमुना शेजारी ठेवायचाच, ही तिथली शिस्त. चौथीत शुद्ध, चकाचक राणीसरकार.

सगळे बघत राहिले. रसाची नळी जांभळी झाली. पहिली आणि उकळलेली पिवळ्याच राहिल्या, त्या राहणारच होत्या. आणि चौथीसुद्धा पिवळीच.

पुरावा सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. संचालक हळू आवाजात म्हणाले, “बाई, मग... लिहून घेऊ या का?”

“आधी नळ्या धुते, मग बोलते,” आत्या म्हणाली. “उष्ट्या नळ्या टेबलावर टाकून मी शब्द मागे घेणार नाही.”

हसावं की रडावं मला कळेना. पण आत्यापुढे संचालकांचंही चालत नसे. ते खुर्चीत बसले.

बेसिनजवळ आत्याची दोन काचेची भांडी असायची. ज्या नळीत अजून काम चालू आहे ती काम थांबवणारं औषध घातलेल्या ‘जिवंतांच्या’ भांड्यात ओतायची. जी बंद पडली ती ‘मेलेल्यांच्या’ भांड्यात. ही तिची स्वतःची पद्धत, संस्थेत दुसरं कुणी एवढं करत नाही. पहिली नळी तिनं नुसती बेसिनमध्ये ओतली. जांभळी नळी जिवंतांत रिकामी केली. उकळलेल्या रसाची नळी मेलेल्यांत. मग शुद्ध राणीसरकारची नळी हातात धरून क्षणभर थांबली, आणि तीही मेलेल्यांत ओतली. तिचे डोळे भरून आले होते, ते मी दारातून पाहिलं. मग ती पाठ फिरवून नळ्यांना साबण लावू लागली.

ती धूत होती, सगळे जमिनीकडे बघत होते. मी भांड्याकडे बघत होते, कारण आत्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. भांड्यातलं पिवळं पाणी कडेनं जरा मळल्यासारखं दिसलं. मला वाटलं, उजेडाचा भास. पण मी तोंड उघडायच्या आत आत्यानं नळी ठेवायला मान वळवली आणि ती थिजली.

“हे भांडं कुणी धुतलं?” ती एकदम कडाडली.

मेलेल्यांचं भांडं जांभळं झालं होतं. बघता बघता गडद होत चाललं होतं, जांभूळ चुरडल्यासारखं.

“कुणी धुतलं म्हणून विचारतेय मी!”

“बाई,” संचालक चाचरत म्हणाले, “तुमच्या भांड्याला दुसरं कोण हात लावणार?”

पुरावा सर पुढे आले, भांड्यात डोकावले. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, “भांडं घाण असेल.”

आणि मग कोण आधी फुटलं ठाऊक नाही, पण सगळी खोली हसायला लागली. चकाचक बाईंचं भांडं घाण! साबण धुऊन वापरणाऱ्या बाईचं! हसता हसता संचालकांना ठसका लागला. आणि सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत मोठ्यानं, स्वतः पुरावा सर हसले. “नाही नाही,” ते डोळे पुसत म्हणाले, “ते मात्र शक्य नाही. त्याला पुरावा नको.”

आत्या एकटी हसत नव्हती. ती जांभळ्या पाण्याकडे बघत पुटपुटत होती. “मेलेलं आणि मेलेलं. दोन्ही बंद. एकत्र आल्यावर चालू.” मग तिनं कपाळावर हात मारला, साबणासकट. “अगं बाई गं! मी तिला धुऊन काढलं!”

पुढचा तासभर त्या खोलीत नुसती धांदल होती. जो तो नळ्या आणत होता. आत्यानं तोच प्रयोग पुन्हा नीट मांडला. शुद्ध राणीसरकार एकटी, पिवळी. उकळलेला रस एकटा, पिवळा. दोघं एकत्र, जांभळी. पुरावा सरांनी स्वतःच्या हातानं करून पाहिलं, स्वतःच्या नळ्या आणून. जांभळीच. माझा जीव भांड्यात पडला.

मला तिनं नंतर समजावून सांगितलं ते असं. यकृताच्या रसात प्रथिनांच्या जोडीला पुष्कळ बारके रेणूही असतात. त्यातलाच एक बारका राणीसरकारच्या कुशीतल्या खिशात जाऊन बसायचा. साखर बसते त्या मुख्य खिशात नव्हे, बाजूच्या, एका लहानशा खिशात. तो बसला की राणीसरकारच्या घड्या जरा सरकायच्या, मुख्य खिसा नीट उघडायचा, आणि काम सुरू व्हायचं. पेशीचं पोट भरलं की हे बारके वाढतात, पोट रिकामं झालं की कमी होतात. म्हणजे ती कळ खरोखरच होती. आत्यानं ती पिशवीत भरून, बादलीत सोडून, पाणी बदलून बदलून, वर्षभर स्वतःच्या हातानं त्या लखलखीत बेसिनमध्ये ओतून दिली होती. आणि उकळलेल्या रसात प्रथिनं मेली, तरी तो बारका टिकला होता. त्याला उसवायला घड्याच नाहीत.

“म्हणजे घाण नव्हतीच ती?” मी विचारलं.

“घाण?” आत्या म्हणाली. “तेच तर सगळं होतं गं.”

संचालकांनी लिहून घेतलं, पण वेगळंच. शब्द मागे घ्यायचा राहिला तो राहिलाच. पुरावा सरांनी सगळ्यांसमोर आत्याचा साबणाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “बाई, ‘घाण’ हा शब्द मात्र मी मागे घेतो.” आत्यानं मान डोलावली, आणि त्यांनी पाठ फिरवल्यावर हात धुतला.

संध्याकाळी आम्ही दोघी रस्ता ओलांडून घरी आलो. आत्या जिना दोन-दोन पायऱ्या चढत होती, मला गाठता गाठता धाप लागली. आतोबा गॅलरीत एका रेडिओचं पोट उघडून बसले होते. आजचा दिवस कोणता ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिला बघताच ते उभे राहिले. “काय झालं गं?” त्यांनी विचारलं, आणि विचारताना स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला.

ते उभे राहिल्यामुळे स्टूल मोकळं झालं होतं. आत्यानं ते उचललं, पायांतल्या चपला न काढता तरातरा स्वयंपाकघरात नेलं, आणि खिडकीखालच्या त्या आरशासारख्या कोपऱ्यात दाणकन ठेवलं.

“बसा,” ती म्हणाली.

“अगं, धूळ आहे त्याला. माझे स्क्रू सांडतील इथं.”

“सांडू देत. बसा म्हणते ना.”

आतोबा बसले. आत्यानं उभ्या उभ्या सगळी हकिकत सांगितली, हातवारे करत, मध्येच हसत, मध्येच नाक ओढत. भांड्याची, बादलीची, त्या बारक्याची. आणि मग तिचा मोठा आवाज एकदम लहान झाला.

“वर्षभर मी तिला एकटीला कामाला जुंपत होते,” ती म्हणाली. “तिला एकटीला येतच नव्हतं ते. कुशीला कुणी नसलं की नाही यायचं.” तिनं ओट्यावरची मिठाची बरणी उगाच सरळ केली. “मलाही नाही येत. ते मीठ दोनदा पडत होतं ना, ते उगाच नाही.”

आतोबा स्क्रूड्रायव्हर बोटांत फिरवू लागले. त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे तो बारका रेणू मी?”

“मापानं तर तेवढेच आहात,” आत्या म्हणाली, आणि दोघंही इतकी हसली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीनं ठोकलं.

मी गॅलरीतले रेडिओ आत आणले. आत्यानं चहा केला आणि तो उतू गेला नाही. आतोबा तारा जोडत काहीबाही बोलू लागले, ती ओट्याशी उभी राहून ऐकत होती. तिचं लक्ष पहिल्यापासूनच असायचं, हे मला त्या दिवशी कळलं. आमचे उष्टे कप मात्र टेबलावर तसेच पडले होते, आणि आत्या त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती.